सहा वातींची वाट

पाथर्डीकडच्या सहादेवची ख्याती दोनच गोष्टींत होती: विहिरीच्या तळाला सुरुंग लावण्यात आणि माणसाच्या कानाखाली आवाज काढण्यात. दोन्हीत त्याचा हात चुकत नसे.

काळ्या खडकात तो सहा भोकं पाडी. वर एक, त्याखाली दोन, त्याखाली तीन. सुरुंगाचे तोटे भरून वाती सोडल्या, की बिडीनं एकेक पेटवत जायचं आणि शेवटची पेटली की काठावरच्या यारीनं ओढायच्या बादलीत पाय ठेवून वर निघायचं. बादली टेकलेली असे उजव्या कोपऱ्याशी. पेटत्या वातीवरून माघारी फिरायचं नाही, हा नियम. चौथीत शाळा सुटलेल्या या माणसानं एका उन्हाळ्यात सहा चिंचोके मांडून, काडीनं रेघा ओढून शोधून काढलं होतं, की वरच्या टोकापासून शेजारी-शेजारी जात सगळी भोकं एकेकदा गाठायच्या वाटा सहाच. त्यातल्या बादलीपाशी संपणाऱ्या फक्त दोन.

धाकटा भाऊ अजिनाथ हसायचा. "दादा, वाती पेटवायच्या हायेत का पाढे म्हनायचे?"

गेल्या महिन्यात त्याच्याकडून एक वात पेटवायची राहिली. दुसऱ्या दिवशी त्या तोट्यावर पहार पडली असती, तर चार माणसं गेली असती. सहादेवनं त्याला गड्यांसमोर, त्याच्या बायकोसमोर, रुपालीसमोर, फावड्याच्या दांड्यानं झोडला. दांडा मोडल्यावर पायातली वहाण काढली. अजिनाथ चुकला होता हे खरं, पण गुरालाही कुणी असं मारत नाही.

त्या मंगळवारी सहादेवचा गुडघा सुजला होता, म्हणून अजिनाथ उतरला. सहादेव काठावरून बघत होता. अजिनाथनं वरची वात पेटवली, मग डावीकडची, आणि तिसरीला तो थेट तळच्या ओळीतल्या मधल्या भोकावर गेला. डावा कोपरा दोन पेटत्या वातींच्या पल्याड राहिला होता. तिथं जाऊन परतायला आता वाटच नव्हती.

अजिनाथनं आणखी दोन पेटवल्या, बादलीत पाय ठेवला, आणि मग त्याला तो कोपरा दिसला.

"ऱ्हाऊ दे ती," सहादेव ओरडला. "अज्या, वर ये."

अजिनाथनं वर पाहिलं. "म्हंजी तू पुन्हा दांडा घ्यायला मोकळा," असं म्हणून तो बादलीतून उतरला आणि कोपऱ्याकडे पळाला.

गड्यांनी सहादेवला काठावरून मागं ओढलं. सहाच्या सहा सुरुंग उडाले. दगडांबरोबर अजिनाथची वहाण वर येऊन पडली, तिच्यात पाय होता.

थोरल्या दिरासमोर ज्या रुपालीचा पदर कधी डोक्यावरून ढळला नव्हता, तिनं सहादेवच्या तोंडात मारली. मग पुन्हा मारली. त्याचा ओठ फाटला. गडी धावले.

"मारू द्या तिला," सहादेव म्हणाला.

"सुरुंगानं न्हाई मेला त्यो," रुपाली म्हणाली. "तुमाला भिऊन मेला."

सहादेव खाली मान घालून, आणखी मार खायला उभा राहिला. ती त्याला तिथंच सोडून विहिरीकडे गेली.