लाल शाईखालची तीन नावं

माझी शेवटची पोस्टिंग महूच्या छावणीत होती. राजेंद्र नगरमधलं माझं घर तासाभरावर, तरी सुट्टी महिन्यातून एकदाच. मी फौजेत नायक, हवालदाराच्या खालचा हुद्दा; काम कंपनी क्लार्कचं. साडेपाचला पीटी, नऊला ऑफिस.

पलटणीच्या स्थापनादिनाला आमच्यात एक रिवाज होता. स्मारकासमोर शहिदांची नावं हजेरीसारखी वाचायची आणि प्रत्येक नावाला सगळ्या परेडने उत्तर द्यायचं, "हाजिर!" त्या वर्षी वाचन माझ्याकडे आलं.

यादी तपासायला इंग्रजांच्या काळातलं रजिस्टर काढलं. एका पानावर तीन शिपायांची नावं लाल शाईने खोडलेली. शेजारी शेरा: निःशस्त्र जमावावर गोळीबार करण्यास नकार. गोळी घालून मृत्युदंड. जमावाचा गुन्हा एवढाच, की तो स्वराज्य मागत होता. शेऱ्याखाली एका इंग्रज कॅप्टनची सही. तो पुढे लढाईत पडला. आमच्या यादीत त्याचं नाव दुसरं. दरवर्षी आम्ही त्याच्यासाठी छाती काढून ओरडत होतो. माझं डोकं सणकलं.

मी रजिस्टर सुभेदार साहेबांसमोर ठेवलं.

"साब, ये तीन नाम जोड़ने हैं."

"हुकम तोड़ा था इन्होंने. लिस्ट में जो है, वही पढ़ना."

"हुकम किसका था, साब?"

"नायक! अगले महीने तेरा प्रमोशन बोर्ड है. याद है ना?"

बाहेर देवासचे हवालदार पवार भेटले. त्यांनी दारातून सगळं ऐकलं होतं. "भिया, इंग्रज गेले ना. आता तू कशाला फासावर चढतोस?"

"गेले, तर त्यांची लाल शाई आपण का सांभाळतोय?"



स्थापनादिनाला सकाळी सात वाजता परेड. कॅप्टनला त्याचं "हाजिर" मिळालं. यादी संपली. मी कागद घडी करून खिशात घातला.

"शिपाई रामदीन."

शांतता. झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती.

"शिपाई गणू जाधव."

मागच्या रांगेतून एकच आवाज आला. पवारांचा. "हाजिर!"

"शिपाई करीम खाँ."

या वेळी अख्खी कंपनी गरजली. सुभेदार साहेबांचे ओठ मिटलेले होते. सॅल्यूट मात्र खाली आला नाही.

बोर्डात माझं नाव आलं नाही. मी नायक म्हणूनच बाहेर पडलो. त्याचा राग नाही. राग याचा आहे, की पुढच्या वर्षी जुनीच यादी वाचली गेली. पवारांनी फोनवर सांगितलं. स्वतंत्र देशाच्या परेडने गोळी घालणाऱ्याला उत्तर दिलं. गोळी खाणारे पुन्हा गैरहजर.

त्या सकाळी पहिल्या नावाला कोणीच उत्तर दिलं नव्हतं. ते मी इथे पुन्हा पुकारतो.

शिपाई रामदीन.