एकाच रंगाचे दोन प्लेअर

गेल्या महिन्यात थोरल्या बहिणीच्या घरून परत आलो तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागत नाही. बायको विचारते, तब्येत बरी नाही का. तब्येतीला काय धाड भरलीय? वय झालं की माणूस दमतो, असं तिला सांगतो आणि कूस बदलतो. पण मी दमलोय ते वेगळ्याच गोष्टीनं. वीसेक वर्षांपूर्वी बीडच्या एका दुकानातून मी दोन व्हिडिओ प्लेअर आणले होते, स्वस्तात मिळाले म्हणून. ते ओझं अजून उतरलं नाही असं सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील.

माझ्या दोन्ही बहिणींची लग्नं एकाच मांडवात झाली. आमचं गाव लिंबागणेशच्या पलीकडं. दोन पोरी लग्नाच्या असल्या की एकच मांडव, एकच जेवणावळ, एकच बँड, ही आमच्याकडची रीतच आहे. त्यात भानगड एकच. दोघींचं आंदण एका दिवशी, एका जागी, समोरासमोर मांडलेलं असतं आणि अख्खा गाव बघायला येतो. बायका तर बघायला येतच नाहीत, तपासायला येतात. इकडच्या हंड्यावर नाव कोरलंय, तिकडच्या हंड्यावर आहे का? इकडं सहा वाट्या, मग तिकडं पाच कशा?

म्हणून आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दोन महिने आधीपासून एकच धोशा लावला होता. दोघींना सारखं. कपाट सारखं, पलंग सारखा, मिक्सर एकाच कंपनीचा. थोरलीला दिलं होतं नांदूरघाटकडं, लहान गावात. कोरडवाहू रान आणि वीस-पंचवीस मेंढरं. धाकटीला कडा गावाकडं. तिथं बागायत, सासरा पुढारी, दारात जीप. त्यामुळं आबा जास्तच हट्टाला पेटले होते. गरिबाघरच्या लेकीला बापानं कमी दिलं, असं कुणाच्या तोंडून यायला नको. त्यांचं काही चुकत नव्हतं. पण बाजारात हिंडायची पाळी माझ्यावर होती आणि यादी संपता संपत नव्हती.

त्यात धाकटीच्या सासऱ्यानं बोलता बोलता सोडून दिलं, आमच्याकडं टीव्ही आहे, त्याला जोडायला तेवढी डीव्हीडी बघा. मागितलं नाही म्हणायचं आणि मागायचं, हे पुढाऱ्यांना बरोबर जमतं. आबांनी लगेच मला फर्मान सोडलं, एक नाही, दोन आण.

तेव्हा या यंत्रांची मोठी मारामारी चालली होती. कॅसेटवाले व्हीसीआर माळ्यावर गेले होते. व्हीसीडी गावोगाव भाड्यानं मिळायला लागली होती, आणि ती नीट रुळते न रुळते तोच डीव्हीडी येऊन उभी राहिली. डीव्हीडीच्या मशीनवर दोन्ही चकत्या चालायच्या. व्हीसीडीच्या मशीनवर डीव्हीडी चालायची नाही. एवढी साधी गोष्ट, पण गावात कुणाला धड माहीत नव्हती. बघायला मशीनं सारखी, चकत्याही सारख्याच चकचकीत.

बीडला बसस्टँडजवळच्या एका गल्लीत दुकानावर कापडी फलक लावला होता, प्लेअर निम्म्या किमतीत. आत गेलो तर निम्म्या किमतीत होते ते व्हीसीडीचे. दुकानदार माणूस मोकळा होता, त्यानं काही लपवलं नाही. व्हीसीडी आता थोड्या दिवसांची पाहुणी, मला माल काढायचाय, म्हणून स्वस्त देतोय, असं त्यानं तोंडावर सांगितलं. दोन डीव्हीडी माझ्या बजेटात बसत नव्हते. मानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या अजून घ्यायच्याच होत्या. सकाळपासून पायाचे तुकडे पडले होते. मी नुसता उभा राहिलो.

त्यानं मग एक डीव्हीडीचा आणि एक व्हीसीडीचा, असे दोन काउंटरवर शेजारी ठेवले. एकाच कंपनीचे, एकाच चंदेरी रंगाचे, बटणं सुद्धा एकाच जागी. फरक फक्त समोरच्या कोपऱ्यातल्या, व्हीसीडी की डीव्हीडी ते छापलेल्या चिकटपट्टीचा. त्यानं व्हीसीडीवरची ती चिकटपट्टी नखानं खरवडली आणि दोन्ही मशीनं एकसारख्या खोक्यांत घातली. म्हणाला, "पाव्हणं, घरचंच हाय न्हवं? कोण बघायला बसलंय?" मी हो म्हणालो. कुणी माझ्यावर बळजबरी केली नव्हती.

एसटीत दोन्ही खोके मांडीवर घेऊन बसलो आणि कुणाला कोणता द्यायचा ते गाव येईपर्यंत ठरवून टाकलं. थोरलीकडं निम्मा वेळ लाईट नसते. तिकडं डीव्हीडी भाड्यानं तरी कोण देतंय? शिवाय ते लोक साधे. अशी बरीच कारणं मी नंतर गोळा केली. त्या दिवशी कारण एकच होतं. धाकटीकडचे बोलून दाखवणारे होते आणि थोरली कधी तोंड उघडायची नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं.

लग्नाच्या दिवशी आंदण मांडलं. आबांनी स्वतः उभं राहून चमचे सुद्धा ओळीत लावून घेतले. आमच्या आत्यानं दोन्हीकडची झाकणं उचलून पाहिली, साड्यांचे पदर चिमटीत धरून पाहिले, आणि शेवटी प्लेअरचे खोके हातानं तोलून पाहिले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, माझ्या भावानं तसूभर फरक केला नाही. आबांचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं होतं. मी पाणी वाढायला निघून गेलो.

थोरलीनं हळदीच्या दिवशीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, शूटिंगवाल्याला नीट घ्यायला सांग. नवरीची मान दिवसभर खाली असते, मला माझं लग्न दिसायचंच नाही, मग शूटिंगमध्येच बघीन म्हणाली. आणि झालं तसंच. पाठवणीत तिची गाडी आधी निघाली. ती आत बसल्यावर आबा मांडवाच्या खांबाला धरून रडले. आमचे आबा, बैल मेला तरी ज्यांच्या डोळ्यात पाणी आलं नव्हतं. धाकटीच्या वेळेपर्यंत त्यांनी तोंड धुतलं होतं. थोरलीला हे सगळं नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

शूटिंगवाला आमच्याच भागातला होता, कष्टाळू माणूस. महिनाभरानं घरी आला आणि ओट्यावर बसून विचारायला लागला, दोघींची वेगवेगळी बनवतोय, नवंच मशीन घेतलंय, व्हीसीडीवर देऊ का डीव्हीडीवर? आबा म्हणाले, जे नवं असेल ते दे, पण दोघींना सारखं दे. मी तिथंच बसलो होतो. थोरलीला व्हीसीडीवर दे, एवढं मला म्हणायचं होतं. पण मग आबांनी विचारलं असतं, का? मी शेंगा फोडत राहिलो. आजही तो ओटा दिसला की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

पंचमीला दोघी माहेरी आल्या. धाकटी तिच्या शूटिंगचं काय काय सांगत होती. कोण नाचलं, कोण जेवताना तोंड पुसत होतं. थोरली म्हणाली, माझी चकती खराब निघाली, लावली की नुसती घरघर करते. ती हे शांतपणे बोलली आणि झोक्याकडं गेली. मला, खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखं वाटलं. आबा मात्र तडक शूटिंगवाल्याच्या घरी गेले. तो बिचारा शपथा घेत होता, मी चालवून बघूनच दिली होती. दुसरी बनवून द्यायची म्हटली तर त्यानं कॉम्प्युटरमधून आमचं लग्न तोवर पुसून टाकलं होतं, जागा लागते म्हणून. आबांनी चार गावांत त्याचं नाव खराब केलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याला आमच्या गावातलं एकही लग्न मिळालं नाही. मी तेव्हाही गप्प होतो.

मग वर्षं गेली. आबाही गेले. प्लेअरची ती मारामारी कुणी जिंकली, कुणी हरली, कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. आता सगळं मोबाईलात.

यंदा थोरलीच्या लेकीचं लग्न ठरलं. पोरगी मला फोनवर म्हणाली, मामा, आईच्या लग्नाची ती जुनी डीव्हीडी दुरुस्त होते का बघा ना, तिला मोबाईलवर टाकून देऊ. बीडला एक पोरगा चकत्या साफ करून देतो असं मी ऐकलं होतं. म्हटलं, एवढं तरी आपल्या हातून होऊ दे. गाडी काढली आणि नांदूरघाटकडं निघालो. खरं सांगतो, जाताना मला बरं वाटत होतं.

तो प्लेअर त्यांच्या घरात अजून आहे. टीव्हीखालच्या फळीवर, वर भरतकामाचा रुमाल, रुमालावर गोळ्यांची पाकिटं. थोरलीनं रुमाल काढून दाखवला. म्हणाली, लई पिक्चर पाहिले आमी यावर, भाड्याच्या चकत्या कधी अडकल्या न्हाईत. समोरच्या कोपऱ्यात, जिथली चिकटपट्टी खरवडली होती तिथं, गोंदावर धूळ बसून बसून काळा डाग झाला होता. मी तिकडं बघायचं टाळलं.

मग तिनं पेटीतून एका ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेली चकती आणली. मी ती उजेडात धरली. पडून, घासटून चकतीवर जे ओरखडे येतात ते वेडेवाकडे येतात. हे तसे नव्हते. कडेपासून मधल्या भोकापर्यंत गोल गोल, एकसारखे, एक बोटभर जागा सुटलेली नव्हती. तवा घासतात तशी कुणीतरी ती बसून घासली होती.

पोरगी चहाला पाणी ठेवायला आत गेली तेव्हा थोरली हळूच बोलली.

"दादा, ही काई दुरुस्त व्हायची न्हाई. म्याच घासली हाय ती, तारेच्या घासणीनं."

मी विचारलं, कावून?

तिनं मग सांगितलं. शूटिंग बघायला तिच्या सासूनं भावकी जमवली होती. मशीनवर भाड्याच्या चकत्या चालायच्या, लग्नाची तेवढी चालेना. तिचा दीर म्हणाला, उद्या केजला नेऊन दुसऱ्या मशीनवर लावून बघतो, कशात खोट आहे ते कळेल. तिला मात्र आधीच कळलं होतं. धाकटीच्या घरी जाऊन आली तेव्हा तिनं तिथल्या मशीनवरची अक्षरं पाहिली होती आणि आपल्या मशीनवर त्याच जागी गोंदाचा डाग पाहिला होता. केजला चकती चालली असती तर सगळ्यांना कळलं असतं, की धाकटीला नवं दिलं आणि हिला जुनं. दीर उठायच्या आत, भांडी घासताना, तिनं चकतीही घासली. त्याला म्हणाली, हे बघा, हिच्यावरच चरे आहेत, शूटिंगवाल्यानंच खराब दिली.

"जन्मभर ऐकावं लागलं असतं," ती म्हणाली. "माझं सोड. आबांच्या नावाला बोल लागला असता. तेनी चमचे सुदीक मोजून दिलते. आबा रडले म्हणतेत मला वाटं लावून. तेवढं बघायचं राहिलं बघ. बाकी काई न्हाई."

मी चकती उलटीपालटी करत राहिलो. तिला वाटलं मला वाईट वाटलं, म्हणून ती मलाच समजावायला लागली.

"तू कशाला तोंड पाडतो? त्या दुकानदारानं फसवलं तुला. तुझा काय दोष?"

चहा आला होता. कप हातात होता. आबा नव्हते, आत्या नव्हती, तिची सासू नव्हती. आता कुणाच्या नावाला काही लागायचं राहिलं नव्हतं. दोन शब्दांचं काम होतं आणि ती माझ्या तोंडाकडंच बघत होती.

"हां," मी म्हणालो. "फसवलं त्यानं."

तिनं मान हलवली, तिला पहिल्यापासून ठाऊकच होतं अशी. चकती पुन्हा ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून पेटीत ठेवली. मग फळीवरच्या गोळ्यांच्या पाकिटाखालून चार घड्यांचा एक कागद काढला. पोरीच्या आंदणाची यादी होती ती. दाजींचे गुडघे दुखतात, त्यांच्यानं बाजार होत नाही, म्हणाली.

"बीडला तूच जा, दादा. तू आणलेलं मला बघावं लागत न्हाई."

मी यादी घेतली आणि खिशात ठेवली.