मतदाराच्या दाखल्यासाठी सोलापूरला

सकाळच्या सहाच्या एसटीनं मी करकंब सोडलं, तेव्हा वस्तीतल्या चार बाया मला पोचवायला स्टँडवर आल्या होत्या. जणू मी काशीलाच निघाले होते! निघाले होते सोलापूरला, मी मतदार आहे एवढं सांगणारा एक शिक्क्याचा कागद आणायला.

कारण सांगते. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती आणि आमच्या बौद्ध वस्तीच्या वॉर्डातली जागा अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव होती. साऱ्या वस्तीला बायकांचे तीन संडास. दोनांना दार नाही, तिसऱ्यात पाणी नाही. या खेपेला आपली बाई उभी करायची, असं आम्ही बायांनीच ठरवलं. जातीचा दाखला माझ्या एकटीकडंच तयार होता. वाचताही मलाच येतं. शाळा नाही पाहिली, पण किराण्याच्या पुड्या सोडून सोडून कागद वाचायला शिकले. अर्ज भरायला गेले तर तहसीलमधले म्हणाले, गावच्या यादीत तुमचं नाव दिसत नाही. सोलापूरहून मतदार असल्याचा दाखला आणा, मग बघू. अर्जाची मुदत तिसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत. नाही जमलं तर जुन्या सदस्यानं पुढं केलेली बाई बिनविरोध येणार. ती वस्तीत राहतसुद्धा नाही.

पंढरपुरात गाडी बदलली. मोहोळपर्यंत खिडकीतून ऊसच ऊस, पुढं पुढं माळ उघडा पडत गेला. एखादी बाभळ, चार शेरडं, बस्स. उन्हानं खिडकीची दांडी तापली, तसं कळलं सोलापूर आलं.

स्टँडवर रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. तो दखनीत म्हणाला, "बैठो अम्मा. इलेक्शन आया दिखता. तबीच सबकू कागज याद आते."

"मी उभी राहणार आहे बाबा."

"हौ? (हो का?) फिर तो संभलके बैठो, मेंबर गिरना नक्को!"

दोघंही हसलो. त्या दिवसातलं माझं तेवढंच हसू.

आधी मी भलत्याच इमारतीत शिरले. दोन जिने चढल्यावर कळलं, इथं जमिनीचे कागद मिळतात. गुडघे धरून उतरले, समोरच्या दारात रांगेला लागले. पुढं एक विणकर घरातली तेलुगू बाई होती, माझ्याच वयाची. माझा रिकामा हात पाहून म्हणाली, "अक्का, झेरॉक्स कुटाय? हितं झेरॉक्सबिगर माणूस दिसत न्हाय."

झेरॉक्सवाल्याकडं गेले तर लाइट गेलेली. अर्धा तास त्याच्या पायरीवर बसले. परत येते तो जेवणाची सुट्टी झालेली. त्या बाईनं माझी जागा धरून ठेवली होती. पिशवीतून कडक भाकरी काढली, मोडून वर शेंगाचटणी घालून माझ्या हातावर ठेवली. मी म्हटलं, "मला भूक नाही हो." तर म्हणाली, "लेदु (नाही) म्हणायचं न्हाय. आदी खावा." खाल्ली. चटणी अशी झणझणीत की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते चटणीचंच होतं.

दोन वाजून गेल्यावर खिडकीशी पोचले. आतली मुलगी गोड बोलणारी होती. माझ्या मतदान कार्डावरचा नंबर घातला आणि म्हणाली, "सापडलं की आजी तुमचं नाव!"

मी खिडकीत वाकले. "शिक्का मारून दे गं बाई." तिनं कागद काढला, साहेबांची सही आणली, गोल शिक्का मारला. तेलुगू बाईनं माझी पाठ थोपटली. मी चष्मा लावला आणि वाचलं. नाव माझं. वय माझं. पत्ता जुळे सोलापूरचा.

"अगं, हा तर माझ्या मुलाचा फ्लॅट."

"तुमचाच अर्ज आलाय आजी, पत्ता बदलायचा. मोबाईलवर ओटीपी गेलता तुमच्या."

मग आठवलं. मागल्या साली डोळ्याच्या ऑपरेशनला मुलाकडं होते. सुनेनं विचारलं होतं, "आई, नंबर आला का मोबाईलवर?" गॅसचा असेल समजून मी मोठ्या तोऱ्यानं सहाही आकडे वाचून दाखवले होते.

"मग परत करकंबात टाक की."

"टाकता येतं. पण या निवडणुकीला नाही. यादी बंद झाली."

बाहेर कट्ट्यावर बसून मुलाला फोन लावला. तो घाबरला. "आई, सगळ्यांची नावं एका जागी असावीत म्हणून केलं गं. तुला आता इकडंच यायचंय की कधी ना कधी."

मला कोणी विचारलं होतं का? पण रागावू कुणावर? आकडे तर मीच वाचले होते. जेवून जा म्हणाला. मी गाडीची वेळ झाली म्हटलं.

परतीचा रस्ता मला आठवत नाही.

दिवेलागणीला स्टँडवर बाया उभ्याच. कागदावरचा शिक्का लांबून दिसला तशी एक ओरडली, "घावला! शिक्का हाय की!" दुसरीनं माझ्या गळ्यात हात टाकले. त्यांना वाचता येत नव्हतं. मलाच वाचून दाखवावं लागलं. नाव वाचलं, वय वाचलं, मग जुळे सोलापूरचा पत्ताही वाचला.

मग त्यांच्यातल्या माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "म्हंजी तू हितली न्हाईसच?"

"हितलीच हाय."

"व्हय, पर कागदात न्हाय." आणि त्या पदर सावरत वस्तीकडं चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी तीन वाजले. पलीकडच्या आळीत बिनविरोधचे फटाके फुटले, तेव्हा मी लोटा घेऊन संडासाच्या रांगेत उभी होते. पुढं पाच बाया होत्या. त्यातली एकही मागं वळून माझ्याशी बोलली नाही. चूक कोणाची, हे मी त्यांना समजावू शकले असते. पण ज्या बाईला सारी वस्ती आपली म्हणून उभी करत होती, ती वर्षभर कागदावर आपल्या गावात नव्हती आणि हे तिलाच ठाऊक नव्हतं, याचं मी काय उत्तर देणार होते?