मेसमधली बुखारी

काश्मीरमधली दोन वर्षं संपवून आमची पलटण नगरला आली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगर म्हणजे पीस स्टेशन. शांततेच्या ठिकाणी सैनिक काय करतो, असं लोक विचारतात. तो गवताशी लढतो. दगडांना चुना लावतो, झाडांच्या बुंध्यांना गेरू लावतो आणि कुंड्या एका ओळीत आणतो. वर पोस्टवर शत्रू क्वचित दिसायचा. इथे धूळ रोज दिसायची, त्यामुळे काम जास्त होतं.

मी हवालदार होतो, राहुरीकडचा. माझ्या हाताखाली लान्स नायक भीमराव साळवे होता, पारनेर तालुक्यातला. नगरची बदली झाली म्हणून त्याच्याइतका खूश माणूस पलटणीत नव्हता. एसटीत बसलं की दुपारच्या जेवणाला घरी. परतताना तो बायकोने दिलेल्या बाजरीच्या भाकऱ्या आणि ठेचा आणायचा. तो ठेचा खाऊन एका पंजाबी सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हापासून ते साळवेला मान द्यायचे.

डिसेंबरात जनरलसाहेबांची भेट ठरली. आमच्या टूआयसींना, म्हणजे पलटणीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्यांना, कोणीतरी आठवण करून दिली की साहेब काश्मीरमध्ये आले होते, तेव्हा आमच्या बुखारीजवळ बसून हसले होते. जनरल हसल्याची दखल सैन्यात गांभीर्याने घेतली जाते. हुकूम निघाला : मेसच्या हॉलमध्ये बुखारी लावा.

बुखारी म्हणजे पत्र्याची उभी, लाकडावर चालणारी शेगडी. मागच्या नळीतून धूर बाहेर जातो. बर्फात ती माणसाला जगवते, आणि नळी तुंबली तर झोपेत मारतेही. आमची मेस इंग्रजांच्या काळच्या बंगल्यात होती. हॉलमध्ये दगडी फायरप्लेस होती आणि तिच्यावर छपरातून निघालेलं विटांचं धुराडं. बरीच वर्षं ते कोणी वापरलं नव्हतं. काश्मीरमधल्या बुखाऱ्या मी सांभाळल्या होत्या, म्हणून काम माझ्याकडे आलं.

"उस्ताद, नगरला बुखारी?" साळवे म्हणाला. "इथं दुपारी लोकं पंखा बंद करत न्हाईत."

"हुकूम आहे."

"मंग पेटवू की. उद्या उंट मागवला तर त्यो बी बांधू."

तो छपरावर चढला आणि धुराड्यात डोकावून ओरडला, "उस्ताद, कबुतरांची आख्खी कॉलनी हाय इथं!"

घरटी काढली. बांबूला पोतं बांधून धुराडं वरपासून खालपर्यंत साफ केलं. फायरप्लेसचं तोंड मोठं होतं. ते उघडं ठेवलं असतं तर धुराड्याने खोलीतली हवा ओढली असती आणि बुखारीचा धूर आत राहिला असता. म्हणून तोंडावर पत्रा बसवला, त्याला नळीपुरतं भोक पाडलं, सांधे मातीने लिंपले. मग पेटता कागद बुखारीच्या दाराशी धरला. ज्योत आत वळली. लाकडं पेटवली आणि बाहेर जाऊन पाहिलं. धुराड्यातून धूर सरळ वर जात होता.

"ओढतंय," साळवे म्हणाला. "लई ग्वाड ओढतंय."

टूआयसी आले. धूर पाहिला, छप्पर पाहिलं, "गुड" म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी, भेटीच्या दिवशी, माझी ड्यूटी मेन गेटवर, वायरलेस सेटसह; सेटवर जनरलसाहेबांना टायगर म्हणायचं. साळवे बुखारीवर. हॉलला नवे पडदे होते, म्हणून लाकूड जाळायचं नाही असं ठरलं. भटारखान्यात लाकडाचे निखारे करून ते घमेल्याने बुखारीत टाकायचे. सकाळी मी त्याला म्हणालो, "एक खिडकी फटभर उघडी ठेव."

"व्हय उस्ताद. तुमी गेटवर नीट सलाम ठोका, बुखारीचं मी बघतो."

दुपारी वारा सुटला. धूळ टेबलांवर बसायला लागली, तेव्हा मेसच्या माणसांनी ती खिडकी लावून घेतली. हे मला नंतर कळलं.

चारच्या सुमारास सेट बोलला. "गेट, कंट्रोल. टायगर अर्ध्या तासात. मेसमधली बुखारी चेक करा. ओव्हर."

"विल्को. आऊट." म्हणजे हुकूम पाळतो.

गेट दुसऱ्याकडे सोपवून, सेट घेऊन मी मेसकडे गेलो. हॉलचं दार बंद होतं. उघडलं तर आत छान ऊब होती. धूर नाही, वास नाही. साळवे स्टुलावर, पाठ भिंतीला टेकवून, मांडीवर बेरे टोपी ठेवून बसला होता. चेहरा लालसर, तजेलदार. इतका निरोगी तो मला कधी दिसला नव्हता. मला वाटलं, डुलकी लागली. मी ओरडलो, "साळवे, ऊठ! साहेब आले."

खांद्याला हात लावला तर तो माझ्या अंगावर कलंडला.

त्याला ओढत व्हरांड्यात आणलं. छाती दाबली, तोंडाने श्वास दिला. एका हाताने सेटचं बटण दाबलं. "कंट्रोल, मेसमध्ये कॅज्युअल्टी. अँब्युलन्स पाठवा. ओव्हर."

मग : "मेन गेट टायगरसाठी मोकळं ठेवलंय. अँब्युलन्स मागच्या गेटने येईल. ओव्हर."

मी म्हणालो, "लवकर." वायरलेसवर असं बोलत नाहीत.

डॉक्टरांनी तपासलं. निखाऱ्यांचा गॅस, त्याला वास नसतो, म्हणाले; जाऊन बराच वेळ झाला आहे. म्हणजे मागच्या गेटने काही फरक पडला नाही. पण गेट ठरवलं तेव्हा हे कोणाला माहीत नव्हतं.

मी शिडी लावून वर गेलो. धुराड्याच्या तोंडावर पत्र्याचं गोल झाकण होतं, तारेने चारी बाजूंनी घट्ट बांधलेलं. झाकणालाही चुना लावला होता.

छपराचं काम दुसऱ्या तुकडीकडे होतं. त्यांचा नायक पांढराफटक पडला. म्हणाला, "कबुतरं परत बसत होती. चुना खराब होत होता. सकाळी झाकायचा हुकूम आला." खाली पेटवायचा हुकूम होता, वर झाकायचा. दोन्ही वेळेत पाळले गेले. साळवेने धुराडं धूर ओढताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने संशय का घ्यावा?

जनरलसाहेबांचा चहा लॉनवर झाला. त्यांना चहानंतर सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "बुखारी कोणी मागितली होती?" मग ते गाडीत न बसता चालत हॉस्पिटलकडे गेले.

साळवेला घरी पोचवायला मला पाठवलं. सूचना होती : ड्यूटीवर अपघात, इतकंच सांगा, चौकशी चालू आहे. गावातल्या पोरांनी वेशीवर 'वीर जवान अमर रहे' असा फलक लावला होता. "कुठल्या बॉर्डरवर?" एकाने विचारलं. मी "नगर" म्हणालो. त्याला मी थट्टा करतोय असं वाटलं.

बुद्धवंदना झाली. अग्नी दिला. लोक पांगल्यावर साळवेचे वडील माझ्याजवळ येऊन बसले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेला माणूस.

"हवालदारसाहेब, अपघात कसला?"

सूचना आठवली. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळं सांगितलं. बुखारी, निखारे, खिडकी, झाकण. ते शेवटी म्हणाले, "जनरलसाहेबास्नी थंडी वाजत हुती?"

"नाही बाबा. त्यांनी मागितलीच नव्हती."

"मंग कुनाला वाजत हुती?"

साळवेची बायको दारात उभी होती. तीही उत्तराची वाट पाहत होती. पुढे चौकशीत मला बरेच प्रश्न विचारले गेले. हा त्यात नव्हता.

युद्धात पडलेल्यांची नावं आमच्या स्मारकावर आहेत. साळवेचं नाही, कारण तो शांततेत गेला. दरवर्षी आम्ही निवृत्त लोक तिथे जमतो. नावं वाचली जातात. शेवटचं नाव झालं की बिगुल वाजायच्या आधी थोडी शांतता असते. त्या वेळात मी हलक्या आवाजात म्हणतो, "लान्स नायक भीमराव साळवे." पहिली काही वर्षं मी एकटाच म्हणायचो. आता तिघे-चौघे म्हणतात. कार्यक्रम चालवणाऱ्या सुभेदार मेजरना ते ऐकू येतं. बिगुलवाल्याला इशारा ते आमचं म्हणून झाल्यावरच करतात.