तेरेजामावशींचे राहून गेलेले वाचन

तेरेजामावशी गेल्याचे वृत्त दूधवाल्या शांताबाईंनी आणले, तेव्हा मी कचेरीसमोरच्या माझ्या टेबलावर एका वारसनोंदीच्या अर्जाचा मसुदा करीत होतो. अर्ज तसाच टाकून मंगळवार पेठेत परतलो. त्याला काही आठवडे लोटले. शोक निवळत चालला आहे, संताप मात्र निवळत नाही, आणि तो मी लपवणारही नाही.

मावशी एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर राबल्या. पुढे आमच्या बोळातली एक खोली, भिंतीवर पवित्र मारियेची तसबीर आणि रोज सकाळी पायरीवर बसून मोठ्याने बायबलवाचन, एवढाच त्यांचा संसार. आज कोणत्या संताचा सण, हे सांगितल्याखेरीज त्या चहाला तोंड लावीत नसत. वस्तू हरवली की अंतोनी, घसा धरला की ब्लेझ... बोळातल्या बायकांना हे संत शेजाऱ्यांसारखे ठाऊक झाले होते. मावशींची दृष्टी अधू झाल्यावर वाचनाची जबाबदारी माझ्याकडे आली. माझे शिक्षण नववीपर्यंत. परंतु अर्जलेखकाच्या वाचनात जो ठसका असतो तो पदवीधरांत आढळत नाही, हे मावशीही मान्य करीत. हिंदू माणसाने हे का वाचावे, असे काहींनी विचारले. त्यांची मी दखल घेतली नाही.

संत मार्था त्यांची विशेष लाडकी, कारण तीही रांधणारी. भाऊ वारल्यावर उशिरा पोहोचलेल्या येशूला ती वाटेतच गाठते आणि तू वेळेवर आला असतास तर माझा भाऊ वाचला असता, असे तोंडावर सुनावते. प्रथम वाचले तेव्हा मी म्हणालो, "मावशी, ही तर निव्वळ तक्रार झाली. ना 'महोदय', ना 'विनंती'."

"मग? तुमच्यागत 'मेहेरबान साहेब' म्हणत बसंल व्हय ती? घरचं माणूस हाय त्यो!" मावशी हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "माझी माती हुईल त्या दिवशी ज्या संताचा सण असंल, त्याचं वाचन तुम्हीच करायचं. मराठीत. ह्या बायकांस्नी कळलं पायजे." मी शब्द दिला.

आणि त्यांच्या दफनाचा दिवस नेमका मार्थेच्या सणाचा निघाला. पेटी उचलण्यापूर्वी खोलीत प्रार्थना झाली. मी पुस्तक उघडून उभा राहिलो, तर पुण्याहून आलेल्या भाच्याने ते माझ्या हातातून घेतले. "काका, प्लीज. तुम्ही आमच्यातले नाही. रीडिंग मी करतो." मी मावशींची इच्छा सांगितली. "लेखी आहे का काही?"

हा प्रश्न, मला! जन्मभर इतरांच्या इच्छा लेखी करून देणाऱ्या माणसाला! त्याने पुस्तक बाजूला ठेवून मोबाइलवरून इंग्रजीत वाचले. पदर डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या बायकांना एक अक्षर उमगले नाही. ज्याने कित्येक वर्षांत या पायरीवर पाय ठेवला नाही, तो 'आमच्यातला'. आणि रोज सकाळी जे मावशींपाशी बसले, ते परके...

दफनभूमीतून नातलग पांगल्यावर शांताबाईंनी विचारले, "काय वाचलं ओ त्यानं? मावशीला तरी कळलं असंल काय?"

पुस्तक भाच्याच्या बॅगेत गेले होते. मी ओल्या मातीपाशी छत्री मिटून उभा राहिलो आणि मार्थेची तक्रार तोंडपाठ सांगितली. शब्द पुढेमागे झाले असतील. आवाज मात्र मी तसूभरही खाली आणला नाही.

"आन् मग उठला का न्हाई भाऊ तिचा?"

"उठला. येशूने हाक मारली आणि कबरेतून बाहेर आला."

"मग बरं झालं भांडली त्ये," शांताबाई म्हणाल्या.

भाच्याने खोलीला कुलूप घातले आहे. पायरी काही कुलपात मावत नाही. मी नवे बायबल विकत घेतले असून कचेरीला जाण्यापूर्वी तिथेच बसून वाचतो. परवा मला उशीर झाला, तर शांताबाई आणि आणखी दोघी आधीच येऊन बसलेल्या. "या की ओ! आज कुणाचा सण हाय त्ये सांगा आदी. दूध नासायला लागलंय माझं!"