तिरडीच्या बांबूची काठी

दारासमोर थांबायचं, काठी दोनदा आपटायची आणि म्हणायचं, "हाय मी अजून!" स्वतःच्या चुलतभावाच्या दारातला काकांचा हा कार्यक्रम आमच्या कासू गावात रोज सकाळी सातला व्हायचा. स्टेशनच्या वाटेवरच ते घर, तुम्हीही जाता-येता पाहिला असेल.

काका रोह्याच्या कंपनीतून रिटायर झालेले. त्यांची बायपास पनवेलला झाली आणि तिसऱ्या दिवशी तब्येत फारच बिघडली. गावात कुणी गेलं की तिरडीचं सामान घेऊन सगळ्यांत आधी धावणारा माणूस म्हणजे हा चुलतभाऊ. त्याने नेहमीच्या सवयीने बेटातले दोन बांबू तोडून काकांच्या मागच्या पडवीत आणून ठेवले. काका वाचले. बांबू उचलायचं मात्र कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

मी गावची आशा सेविका. रोज चाला, मीठ कमी करा, गोळ्या चुकवू नका, हे मी पंधरा दिवस घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. भिंतीवर तक्ता लावला. पण माणूस खाटेवरून हलेना आणि सुकटीशिवाय घास गिळेना. चाललो आणि छातीचे टाके उसवले तर, ही एकच भीती.

मग एकदा ते पडवीत गेले आणि त्यांनी बांबू पाहिले.

त्याच दिवशी कोयता मागवून एका बांबूची काठी केली. दुसऱ्याला कुणाला हात लावू दिला नाही. मला म्हणाले, "तो त्याच्यासाठी ठेवलाय गो. त्याला पोचवल्याबिगर मी मरनार नाय."

सुकट सुटली, विडी सुटली, तक्त्यावर रोज खुणा होऊ लागल्या. माझं काय जातंय, मी खूश!

चुलतभाऊ मात्र खंगला. एक दिवस आरोग्य उपकेंद्रात माझ्याकडे येऊन रडला, चुकलो, त्याचे पाय धरतो म्हणाला. मी त्याला दटावलं, "खबरदार माफी मागितलीत तर. राग गेला की ते परत खाट धरतील. वर्षभर तोंड फिरवून उभे राहा." बिचारा राहिला उभा, रोज सातला.

वर्ष पुरं व्हायच्या आत तोच गेला, झोपेत. काकांनी दुसरा बांबू स्वतः नेऊन दिला, आणि घरी येऊन जे आडवे झाले ते उठेनात. चार दिवस गोळी नाही, चालणं नाही.

"आता कोनाला दाखवू गो?"

तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. तो पाय धरायला निघाला होता, मीच अडवला. मुद्दाम सांगितलं की राहवेना म्हणून, ते मला आजही कळलेलं नाही.

"तू?" काका एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सातला उपकेंद्राच्या पायरीवर काठी दोनदा वाजली. उपकेंद्र चुलतभावाच्या घराच्याही पुढे आहे. तेव्हापासून रोज येतात, खाऊ की गिळू असं बघतात, एक शब्द बोलत नाहीत आणि परत जातात. दीड वर्ष झालं.

मला त्यांचे पाय धरायचे आहेत. पण सात वाजले की मी तोंड फिरवून उभी राहते.