ताईचा ब्रेकचा पाय

आमच्या ताईला घरात सगळे भिंगरी म्हणतात. जेवताना ती चार वेळा उठते, फोनवर बोलताना तिन्ही खोल्या फिरते, आणि दुसऱ्याच्या घरी गेली तरी आधी त्यांच्या खिडक्या उघडते. अशा बाईने पोटापाण्यासाठी काय निवडावं? दिवसभर बसून करायचं काम! ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. शिकणारा स्टिअरिंगवर, ही शेजारी, आणि हिच्या पायाशी जादा बसवलेला ब्रेक.

अर्ध्या गावाने तिच्याकडे गाडी शिकली. मी तिचा सख्खा धाकटा भाऊ, पण मी दुसरीकडे शिकलो. तिच्याबरोबर बसलो त्या पहिल्याच दिवशी तिने एका गल्लीत इतक्यांदा ब्रेक मारला, की मी दार उघडून चालत घरी आलो. आता मी चांगली गाडी चालवतो, माझ्या चष्म्याच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा हे मान्य करेल. पण ताई बरोबर असली की मी किल्ली मुकाट्याने तिच्या हातात देतो. रोज कोण भांडणार?

गेल्या वर्षी तिच्या गाडीला अपघात झाला. तसा किरकोळच. एका शिकाऊ मुलीने सिग्नलला ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला आणि ताईचा पाय जरासा उशिरा पडला. गाडी पुढच्या टेम्पोवर आदळली, मुलीच्या कपाळाला टाके पडले. मुलगी बरी होऊन हसत परत आली आणि गाडी शिकूनही गेली. ताईचा पाय मात्र त्या सिग्नललाच अडकला. शिकणाऱ्याने गिअर बदलला की ब्रेक, समोर कबुतर उतरलं की ब्रेक. लोक रडकुंडीला आले. "मॅडम आम्हाला चालवूच देत नाहीत," अशा तक्रारी गेल्या. शेवटी स्कूलच्या मालकांनी तिला ऑफिसात बसवलं, वाहतुकीच्या खुणा शिकवायला. "पाय शांत झाला की सांगा, लगेच गाडी देतो," म्हणाले. माणूस वाईट नाही.

पण भिंगरीला खुर्चीत बसवायचं म्हणजे घरच्यांना शिक्षा. टीव्ही बघताना ती फरशी दाबायची. जेवताना टेबलाखालून धप्प आवाज यायचा आणि आमटी हिंदकळायची. आईने तिच्या पायाखाली उशी ठेवली, निदान खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार करू नये म्हणून.

मग एका सकाळी ती गाडी घेऊन आली. जुनी, दोन सीटची, कापडी छताची स्पोर्ट्स कार. आत बसलं की गुडघे हनुवटीला टेकावेत इतकी बुटकी.

"हे काय खूळ?" मी विचारलं.

"ट्रॅक डेला नाव घातलंय."

ट्रॅक डे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. शर्यतीचा रस्ता एक दिवस तुमच्या-आमच्यासारख्यांना खुला करतात. आपली गाडी न्यायची आणि पळवायची. शर्यत नाही, बक्षीस नाही, नंबर नाही.

"मग करायचं कशाला?"

"तिथे आडवं कोणी येत नाही रे. सिग्नल नाही, टेम्पो नाही, पोरं नाहीत. तिथेही माझा पाय ऐकणार नसेल, तर तो कुठेच ऐकणार नाही." तिचा पाय बोलतानाही हलत होता. "मग मी शिकवणं सोडते. गाडी विकते आणि म्हातारी होईपर्यंत त्या खुणांच्या तक्त्यासमोर बसते."

मला तिची कीव आली, आणि मला कीव आली की मी चिडतो. म्हणून तिच्याशी वाद घालत घालतच मी बरोबर गेलो.

तिथे पोचल्यावर आधी गाडी रिकामी करायची होती. जोरात वळताना आत एकही सुटी वस्तू नको, असा नियम. ताईच्या त्या एवढ्याशा गाडीतून छत्री निघाली, दोन उशा निघाल्या, पाण्याच्या बाटल्या, गोळ्यांचा डबा, आणि शिकाऊ गाडीला लावतात ती लाल अक्षराची पाटी. "ही कशाला आणलीस?" म्हटलं, तर म्हणाली, "असू दे." सगळा पसारा माझ्या हवाली झाला.

मग सगळ्यांना उभं करून नियम सांगितले. मागचा वेगात असेल तर त्याला पुढे जाऊ द्या. सरळ रस्त्यावर इंडिकेटर द्या, ज्या बाजूचा द्याल त्या बाजूने तो जाईल. काळा झेंडा दाखवला तर मुकाट्याने बाहेर या. ताई पहिल्या रांगेत मान डोलवत होती.

तिला मिळालेले शिकवणारे सर चांगले जाडजूड, डोळे अर्धवट मिटलेले. आधी त्यांनी गाडी चालवली आणि ताई शेजारी. परत आली तेव्हा तिच्या पायाखालची चटई गोळा होऊन पुढे सरकली होती. सरांनी ती पाहिली, पायाने सरळ केली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. आता ताईची पाळी.

मी कठड्याशी उभा होतो. लांबलचक सरळ रस्त्याच्या शेवटी डावं वळण होतं आणि ते किती जवळ आलं ते सांगणाऱ्या कडेला तीन पाट्या. बाकीच्यांचे मागचे ब्रेकचे लाल दिवे शेवटच्या पाटीशी लागायचे. ताईचे पहिल्या पाटीच्याही कितीतरी आधी लागले. मग विझले, परत लागले, परत विझले. माझ्या हातातली छत्री मी उगाच उघडमीट करत राहिलो.

दुसऱ्या फेरीत घोटाळा झाला. वळण जवळ आलं आणि ताईने सवयीने डावा इंडिकेटर दिला. इतकी वर्षं लोकांना हेच तर शिकवलंय! मागे नारिंगी गाडी होती. त्यातल्या माणसाला वाटलं, या बाई डावीकडून जागा देताहेत. तो आत घुसला, ताई डावीकडे वळली, दोघांनी करकचून ब्रेक मारले आणि नारिंगी गाडी गवतात जाऊन चिखलात रुतली. कोणाला काही लागलं नाही. काळा झेंडा मात्र लागलीच हलला.

नारिंगी गाडीवाला दातांचा डॉक्टर निघाला. "बाई, तुम्ही या म्हणालात म्हणून मी आलो!"

"मी वळते म्हणाले!"

"वळण सगळ्यांनाच दिसत होतं हो!"

तिथल्या मुख्य अधिकाऱ्याने सांगितलं, आणखी एक चूक झाली तर थेट घरी. डॉक्टर बूट झटकत निघून गेला. ताई गाडीच्या बॉनेटला टेकून उभी राहिली, आणि इतकी वर्षं तिला ओळखणारा मी, तिला पहिल्यांदा अगदी स्थिर उभी असलेली पाहत होतो. मला ते मुळीच आवडलं नाही.

"चल घरी," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. सरांना विचारलं, "तुमच्या बाजूला ब्रेक नाही. मघाशी भीती नाही वाटली तुम्हाला?"

"वाटली की."

"मग ओरडला का नाहीत?"

"माझी भीती मी माझ्यापाशी ठेवतो, मॅडम. ती तुमच्या पायात घातली तर गाडी कोण चालवणार?"

ताईने खाली आपल्या पायाकडे पाहिलं. मग माझ्या खिशातला रुमाल तिने ओढून घेतला, सवयीने हात गेला की आठवण व्हावी म्हणून इंडिकेटरच्या दांडीला गच्च गुंडाळला आणि हेल्मेट घातलं. "चला सर."

त्या खेपेला लाल दिवे पहिल्या पाटीशी लागले. नंतर जरा पुढे. दुपारच्या जेवणानंतर सर उतरले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि ती एकटी गेली. माझा जीव टांगणीला. सर जांभया देत होते, मला त्यांचा राग येत होता. फेरीमागून फेरी झाली. दुसरी पाटी. दुसरीच्या पुढे. आणि मग एकदा ती आली, पहिली पाटी गेली, दुसरी गेली, दिवे लागले नाहीत, मी ओरडलो, "अगं दाब!" आणि शेवटच्या पाटीशी दिवे लागले. एकदाच लागले. गाडी वळणातून सुरेख निघून गेली. मी खाली पाहिलं तर माझाच पाय कठड्याच्या लोखंडी पट्टीवर गच्च दाबून बसला होता. सरांनीही तो पाहिला. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

निघताना सामान परत गाडीत भरलं. ताईने किल्ली माझ्याकडे फेकली.

"चालव."

"मी?"

"मग काय उशी चालवणार?"

ती शेजारच्या सीटवर बसली. बूट काढले. उजवा पाय, तो ब्रेकचा पाय, दुमडून तिने बुडाखाली घेतला आणि त्याच्यावर सगळा भार देऊन बसली. त्या चिंचोळ्या सीटमध्ये तिला ते कसं जमलं कोण जाणे. गाडी सुरू करताना मी ती दोनदा बंद पाडली. तिने आपला सीटबेल्ट लावला.

गावाबाहेरच्या रस्त्यावर आलो आणि एका फाट्यावरून टेम्पो सरळ आडवा आला. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, आमच्यात आणि टेम्पोत चांगली दोन हातांची जागा राहिली. टेम्पोवाला हात दाखवून निघून गेला.

मी ताईकडे पाहिलं. पाय बुडाखालीच होता. सीटबेल्ट मात्र तिने दोन्ही मुठींत इतका आवळला होता की बोटं पांढरीफटक पडली होती.

"घाबरलीस?"

"भयंकर," ती म्हणाली. "पण गाडी तू चालवतोयस ना? मग समोर बघ."